टोमॅटोखालचा मुडदा

ऑस्कर पिंचुक दर महिन्याला एकदा मरायचा. मरायचा तो गुरुवारच्या आत, कारण शुक्रवारी छापखान्याचा माणूस मुखपृष्ठ न्यायला यायचा आणि त्याला कुणाच्या मरणासाठी थांबायची सवय नव्हती.

'थडग्याखालून' नावाचं भयकथांचं चित्रमासिक होतं, त्याची मुखपृष्ठं ऑस्कर काढायचा. न्यूयॉर्कात तेव्हा, एकोणीसशे पन्नासच्या सुमारास, अशी मासिकं पैशाला पासरी होती. नाक्यानाक्यावरच्या पेपर स्टॉलवर ती दोरीला चिमटे लावून वाळत घातलेली असायची आणि शाळा सुटली की पोरं त्यांच्यासमोर आ वासून उभी राहायची. आतल्या गोष्टींना फारसं महत्त्व नव्हतं. मुखपृष्ठ आधी काढलं जायचं आणि मग कुणाला तरी सांगितलं जायचं, की याच्यावर बेतून काहीतरी लिही. आधी टोपी शिवायची आणि मग तिच्यात मावेल असं डोकं शोधायचं, त्यातली गत.

या धंद्यातल्या प्रत्येक चित्रकाराच्या चित्र काढायच्या फळीला एक छोटा आरसा अडकवलेला असायचा. हाताची मूठ कशी दिसते, बाहीला चुण्या कुठे पडतात, हे बघायला. मॉडेलला कोण पैसे देणार? ऑस्करने मात्र त्या आरशाचा वापर तोंडासाठी केला. डोळे फिरवायचे, जबडा पाडायचा, जीभ एका बाजूला लोंबकळू द्यायची, आणि हाताने काढत सुटायचं. त्यामुळे आठ वर्षांत 'थडग्याखालून'च्या मुखपृष्ठावर जे कुणी मेलं, ते ऑस्करच होतं. बुडालेला ऑस्कर. फासावरचा ऑस्कर. मुंग्यांनी निम्मा संपवलेला ऑस्कर. एकदा तर मेणबत्तीसारखा वितळलेला ऑस्कर, पण त्यातही जबडा ओळखू यायचा. जबडा लांब होता, डोळे खोल गेलेले, आणि कपाळ असं, की जणू वाईट बातमी त्याला इतरांच्या आधी कळलेली आहे.

ब्राँक्समधल्या त्यांच्या इमारतीत शेजारणी विचारायच्या, तेव्हा त्याची बायको सेल्मा सांगायची, "पोर्ट्रेटं काढतात." खोटं काहीच नव्हतं त्यात.

आणि मग त्या शरद ऋतूत ऑस्करच्या हातून एक खरंच चांगलं चित्र निघालं. असं कधीकधी होतं, त्याला कुणाचा इलाज नसतो.

चित्र नेहमीचंच होतं. रात्रीची दफनभूमी, वर चंद्र, कबरीतून कमरेपर्यंत वर आलेला मुडदा, त्याच्या मुठीत पार्टीच्या झग्यातल्या एका बाईचा घोटा आणि बाईच्या तोंडून किंकाळी. पण मुडद्याचा चेहरा नेहमीचा नव्हता. आठ वर्षं ऑस्करने रागावलेले मुडदे काढले होते. हा रागावलेला नव्हता, भुकेलाही नव्हता. गाढ झोपेतून कुणीतरी उठवावं आणि उठल्यावर कळावं, की काही कामच नव्हतं, तसा तो बघत होता. बघणाऱ्याला बाईपेक्षा त्याचीच जास्त कीव यायची. ऑस्कर स्वतःच काढून झाल्यावर बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिला. आपल्याला हा चेहरा आधीपासून माहीत होता आणि इतकी वर्षं उगाच बाकीचे काढत होतो, असं त्याला वाटलं.

प्रकाशक मॉर्टी गुटकिनने चित्र बघून तोंडातली सिगार काढली. ती तो फक्त जेवायला आणि अंत्ययात्रेत काढायचा.

"ऑस्कर," तो म्हणाला, "हा खरंच मेलाय रे."

त्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नव्हती.

पण मेलेल्यांचे दिवस भरले होते. या मासिकांनी पोरं बिघडतात अशी ओरड आधीपासून चाललेली होतीच. डॉक्टर बोलत होते, पाद्री बोलत होते, आयांच्या समित्या घरोघर फिरत होत्या. शाळांच्या पटांगणात मासिकांच्या होळ्या पेटल्या. सरकारी चौकशी तर टेलिव्हिजनवर दाखवली. तेव्हा प्रकाशक इतके घाबरले, की सरकारने वेसण घालायच्या आधी त्यांनी आपणच आपल्या नाकाला भोक पाडून घेतलं. त्यांनी एक ऑफिस काढलं. त्या ऑफिसने पान न् पान तपासायचं आणि मुखपृष्ठावर शिक्का द्यायचा. शिक्का नसेल तर घाऊक व्यापारी गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडत नसत, आला तसा परत पाठवत.

मॉर्टीच्या ऑफिसात खुर्च्या दोन होत्या आणि परत आलेले गठ्ठे छतापर्यंत. आल्यागेल्याने गठ्ठ्यावरच बसायचं.

"बस," मॉर्टी म्हणाला. "ऑगस्टवर नको, तो ओला आहे. जूनवर बस."

ऑस्कर जूनवर बसला.

"एक अंक," मॉर्टी म्हणाला. "एका अंकाला शिक्का मिळाला आणि तो खपला, तर आपण जगलो. नाहीतर मी माझ्या मेव्हण्याच्या बटणांच्या कारखान्यात जाणार. तू?"

"मला मेव्हणा नाही."

"वाईट झालं. लग्न करताना बघून करायचं असतं."

"दुसरीकडे कुठे बघू का? जाहिरातीत वगैरे?"

"तुझे नमुने काय दाखवणार? मुंग्या? साबणाच्या जाहिरातीत मुंग्या?" मॉर्टीने चित्र उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "हेच घेऊन जा त्या ऑफिसात. मिसेस हॅलोरन म्हणून बाई आहेत. त्या म्हणतील ते बदल, शिक्का घेऊन ये. मी जात नाही. मागच्या खेपेला मी त्यांना म्हणालो, की बायबलात याच्यापेक्षा जास्त मेलेले उठतात."

"मग?"

"त्या म्हणाल्या, हो, पण तिथे चित्रं नाहीत."

मिसेस हॅलोरन पूर्वी शाळेच्या ग्रंथालयात होत्या. खुर्चीच्या पाठीवर हाताने विणलेला स्वेटर, टेबलावर पेपरमिंटचा डबा आणि निळी पेन्सिल. ऑस्कर मनाची तयारी करून गेला होता, की एखादी खवीस बाई असेल आणि आपण तिचा मनापासून द्वेष करू. बाई फारच चांगल्या निघाल्या. ही पहिली अडचण.

"बसा, मिस्टर पिंचुक. पेपरमिंट घ्या. बाहेर गारठा आहे ना?" त्यांनी चष्मा लावला आणि चित्र बराच वेळ पाहिलं. "सुरेख काम आहे."

"थँक्यू."

"हे चालणार नाही."

"कुठला भाग?"

समुद्र कुठल्या भागात ओला आहे असं कुणी विचारावं, तशा त्या विचारात पडल्या. "मेलेला माणूस उठतोय," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"मेलेल्यांनी उठायचं नाही. नियम आहे."

"मग त्यांनी काय करायचं?"

"पडून राहायचं. बहुतेक जण तेच करतात, मिस्टर पिंचुक. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही." त्यांनी पेन्सिलचं टोक मासिकाच्या नावावर ठेवलं. "आणि हे 'खालून'. थडगं एक वेळ चालेल, पण 'खालून' म्हटलं की असं वाटतं, की खाली कुणीतरी आहे."

"असतंच."

"मला माहीत आहे. मुलांना वाटायला नको."

मासिकाचं नाव 'थडग्याजवळून' झालं.

आता, कुणी म्हणेल, ऑस्करने ते चित्र बाजूला ठेवून दुसऱ्या पुठ्ठ्यावर नवं काढायचं. पण त्या धंद्यात तसं कुणी करत नसे. चुकलेल्या जागी पांढरा रंग थापायचा, जास्त चुकलं असेल तर कागदाचं ठिगळ डिंकाने डकवायचं आणि त्याच्यावरच पुढचं काढायचं, ही रीत. छापून आलं की मूळ चित्राला कुणी विचारत नसे. मॉर्टी जुन्या मूळ चित्रांचे तुकडे करून गळक्या नळाखाली ठेवायचा, ती पाणी छान शोषतात म्हणायचा. त्यामुळे ऑस्करने सवयीप्रमाणे उठणाऱ्या मुडद्यावर एक मोठं ठिगळ डकवलं आणि त्याच्यावर पडलेला मुडदा काढला. जिवावर आलं, पण त्याने स्वतःला समजावलं. वर नुसता कागद आहे, खाली तो आहेच. पांघरूण घातलंय असं समजायचं.

मिसेस हॅलोरननी पडलेला मुडदा पाहिला.

"हा का पडलाय?"

"तुम्हीच सांगितलंत."

"हो, पण याला काही कारण हवं. निष्कारण प्रेत दाखवणं बरं नाही. आणि ही बाई का ओरडते आहे?"

"त्याला बघून."

"म्हणजे भीती वाटतेय तिला."

"थोडीशी."

"भीती नको."

"मॅडम, हे भयकथांचं मासिक आहे."

"होतं," त्या हळुवारपणे म्हणाल्या आणि डबा पुढे केला. "मिस्टर पिंचुक, तो जिवंत असता ना, तर माझी काही हरकत नव्हती."

ऑस्कर परत आला आणि जूनवर बसला. मॉर्टीने ऐकून घेतलं.

"जिवंत माणूस दफनभूमीत आडवा होऊन काय करतोय?"

"मला काय माहीत. पाठ धरली असेल."

मॉर्टी सिगार चावत खोलीभर फिरला, म्हणजे दोन पावलं, कारण उरलेल्या खोलीत गठ्ठे होते. मग एकदम थांबला. "बागकाम!"

"काय?"

"तो आडवा नाही, वाकलाय. कबर नाही, वाफा आहे. त्या थडग्याच्या दगडावर काय लिहिलंय?"

"'शांती लाभो.'"

"'टोमॅटो' लिही."

मग ऑस्कर पांढरा रंग थापत गेला. चंद्रावर थापला आणि सूर्य काढला. काळ्या आभाळाचं निळं आभाळ केलं. बाईची किंकाळी मिटवून ती जेवायला हाक मारतेय असं केलं, म्हणजे तोंड तेवढंच उघडं ठेवून भुवया खाली आणल्या. तिच्या झग्याचा गळा प्रत्येक खेपेला वर चढत गेला आणि शेवटी हनुवटीला टेकला, तेव्हा कुठे मिसेस हॅलोरनना श्वास घेता आला. बाईला आला की नाही, सांगता येत नाही. घोट्याऐवजी मुठीत टोमॅटो आला. टोमॅटो फार लाल आहेत असं ठरलं, मग ते कच्चे झाले. ठिगळावर ठिगळ चढून पुठ्ठा इतका जाड झाला, की भुयारी गाडीत एका म्हाताऱ्याने विचारलं, कुठल्या फ्रिजचं दार आहे म्हणून. मासिकाचं नाव 'वाफ्याजवळून'वर येऊन स्थिरावलं.

आणि प्रत्येक थरावर ऑस्कर आरशात बघून चेहरा नव्याने काढत होता. आता गुलाबी, आता गालांवर लाली, आता ओठ. त्याच्या मनात एकच जप चालला होता: खाली तो आहेच.

मिसेस हॅलोरननी सगळ्या जागा एकेक करून तपासल्या. सूर्य ठीक. बाई ठीक. टोमॅटो ठीक. पेन्सिल वाफ्यात वाकलेल्या माळ्यावर येऊन थांबली.

"हा माणूस मेलेला आहे," त्या म्हणाल्या.

"त्याच्या हातात टोमॅटो आहे."

"त्याने जास्तच वाईट वाटतंय."

"मी गाल लाल केले."

"हो, दिसतंय. कुणीतरी नंतर केल्यासारखे दिसतात." त्या चित्राकडे बघत राहिल्या. "डोळ्यांतच आहे काहीतरी. आणि या जबड्यात. आणि हे कपाळ, जसं काही याला..." त्यांनी वर पाहिलं. समोर ऑस्कर बसला होता. त्यांनी खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"ओह," मिसेस हॅलोरन म्हणाल्या आणि मानेपासून कानांपर्यंत लाल झाल्या. एवढा लाल त्यांनी टोमॅटोलासुद्धा चालवून घेतला नव्हता. त्यांनी पेपरमिंटचा अख्खा डबा ऑस्करपुढे सरकवला.

"माझा तसा काही अर्थ नव्हता."

"असू दे."

"तुम्ही फार सज्जन गृहस्थ आहात."

"थँक्यू."

"पण हे मुलांच्या हातात पडणार."

त्या शनिवारी दुपारी ऑस्कर आरशासमोर हसायचा सराव करत बसला होता. सेल्मा धुतलेले कपडे घेऊन खोलीतून गेली, दारात थांबली.

"दात दुखतोय का?"

"हसतोय."

"कशाबद्दल?"

"मुखपृष्ठासाठी."

"मग दुखतोय असंच सांग. लोकांना निदान कळेल तरी."

ऑस्करने तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "माझं तोंड चालत नाही त्यांना."

"माझ्या आईलाही चालत नव्हतं. लग्न झालंच ना?" सेल्माने कपडे खाली ठेवले. "अरे, मग दुसऱ्या कुणाचं काढ. माझं काढ. माळ्याची बायको नाही, माळीणच कर. बायका काय टोमॅटो लावत नाहीत?"

ती बटाटे सोलत त्याच्यासमोर बसली. चांगलं गोल, गुबगुबीत, जिवंत तोंड होतं सेल्माचं, त्यात मेलेलं काहीच नव्हतं. ऑस्करने आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला आणि वेगळ्या कागदावर मन लावून काढलं. बटाटे संपले तशी ती उठून बघायला आली.

"ही तुझी आई आहे," ती म्हणाली.

"नाही गं."

"ऑस्कर, मी एवढा वेळ तुझ्यासमोर बसले आणि तू तुझ्या आईला काढलंस. माझ्या एप्रनमध्ये."

ऑस्करने पाहिलं. लांब जबडा, खोल डोळे. आईच होती. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती, म्हणजे मिसेस हॅलोरनकडे नेण्यात अर्थ नव्हता. त्याने हाताकडे पाहिलं. हात आपल्याच धुंदीत होता. आठ वर्षं त्याला एकच रस्ता दाखवला होता, आता दुसरीकडे चल म्हटलं तर तो घोड्यासारखा जुन्याच दाराशी येऊन उभा राहत होता.

सेल्माला बहुधा दया आली. तिने जाड झालेला पुठ्ठा हातात घेऊन पाहिला, त्याचं वजन पाहिलं. "तो पहिला चांगला होता," ती म्हणाली.

"कुठला?"

"तो मेलेला. रविवारी सकाळी खाली कुणाचा तरी रेडिओ लागतो आणि तुला जाग येते ना, तेव्हा तू तसा दिसतोस. मला आवडला होता."

आठ वर्षांत सेल्माने त्याच्या कुठल्याही मरणाबद्दल चांगला शब्द काढला नव्हता.

"आहे तो खाली," तो म्हणाला. "वर नुसता रंग आणि कागद आहे. शिक्का मिळून छापून झालं, की सगळं खरवडून काढीन. फ्रेम करून लावू. इथेच, फळीच्या वर."

"करपलेल्या भांड्याबद्दल मीही असंच म्हणत असते," सेल्मा म्हणाली. मग पुठ्ठा खाली ठेवता ठेवता म्हणाली, "याला टोपी घाल ना. उन्हातच आहे नाहीतरी."

ऑस्करने माळ्याला गवती टोपी घातली. चांगली रुंद, थेट हनुवटीपर्यंत येणारी.

मिसेस हॅलोरन टोपीकडे इतका वेळ बघत राहिल्या, की ऑस्करचा पेपरमिंट विरघळून संपला.

"टोपीखाली काय आहे?"

"चेहरा."

"कसा?"

"दिसत नाही."

"पण आहे."

"असणार."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना खरोखरच त्रास होत होता. "मिस्टर पिंचुक, माझा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही मला शब्द द्याल का, की टोपीखाली तो हसतोय?"

ऑस्करने खिडकीबाहेर पाहिलं. मग शब्द दिला.

शिक्का मिळाला. मॉर्टीचा जीव भांड्यात पडला. त्याने ऑफिसातच हेरिंग मासा, राय ब्रेड आणि व्हिस्की मागवली आणि ऑगस्टवर टेबलक्लॉथ घातला. माळी बघून सहा गोष्टी लिहून घेतल्या. सहाही गोष्टींत टोमॅटो होते, कारण मुखपृष्ठावर दुसरं काही नव्हतं. अंक छापला. गठ्ठे गेले आणि या वेळी घाऊक व्यापाऱ्यांनी सुतळ्या सोडल्या. अंक स्टॉलवर लागले.

ऑस्कर रोज ब्राँक्सच्या स्टेशनाखाली पेत्राकिसच्या स्टॉलशी रेंगाळायचा. पहिल्या दिवशी त्याने स्वतःच एक प्रत घेतली, बोहनी म्हणून. नंतर नुसता उभा राहायचा. पोरं यायची, दोरीवर नजर फिरवायची आणि अमेरिकेतल्या सगळ्या बदकांची आणि सशांची मासिकं घेऊन जायची.

"हा अंक कसा जातोय?" त्याने एकदा परक्यासारखं विचारलं.

"जातो आणि परत येतो," पेत्राकिस म्हणाला. "पोरं विचारतात, टोपीखाली काय आहे. मी म्हणतो, घे आणि बघ. घेतात, बघतात, शिव्या देत परत आणतात. परवा एक जण म्हणाला, काका, यापेक्षा शाळेचं पुस्तक बरं, त्यात निदान लढाया असतात."

"पण चित्र? चित्र कसं वाटलं?"

पेत्राकिसने दोरीवरच्या माळ्याकडे पाहिलं. "खरं सांगू? पूर्वी यांच्याकडे एक मुडदा असायचा. लांब तोंडाचा. कधी बुडायचा, कधी जळायचा. आमच्या घरातल्यासारखा झाला होता तो. दर महिन्याला मी बघायचो, आता याचं काय झालं. तो कुठे गेला कोण जाणे."

ऑस्कर त्याच्यापुढे दोन हातांच्या अंतरावर उभा होता, तेच तोंड घेऊन. पेत्राकिसने त्याच्याकडे बघून विचारलं, "चुइंगम हवाय का?"

महिना संपला तेव्हा ऑस्कर पुन्हा तिथेच होता. न खपलेले अंक परत करायची या धंद्यात एक पद्धत होती. अख्खा अंक पाठवायचा तर टपालखर्च वाढतो, म्हणून स्टॉलवाला मुखपृष्ठाची वरची पट्टी फाडायचा, नाव आणि तारखेची, आणि तेवढीच पाठवायचा. पट्टी मिळाली की पैसे परत. पेत्राकिसने अंकांची चवड समोर घेतली, वर लोखंडी पट्टी दाबली आणि चर्रकन ओढलं. वर मासिकाचं नाव, शिक्का, सूर्य आणि गवती टोपी. खाली नुसतं धड राहिलं, हातात कच्चा टोमॅटो धरून.

चर्र. पुढचा. चर्र.

"मुंडकं उडवलेलं दाखवायला बंदी आहे," ऑस्कर म्हणाला. तो नियम त्याला पाठ झाला होता.

"मी कुठे दाखवतोय?" पेत्राकिस म्हणाला. "मी उडवतोय." चर्र.

मॉर्टीच्या ऑफिसात पोत्यांतून टोप्या आल्या. बॉस्टनहून आल्या, शिकागोहून आल्या, ऑस्करने कधी नाव न ऐकलेल्या गावांहून आल्या. देशभर जिथे जिथे त्याचं डोकं पाठवलं होतं, तिथून ते इमानाने परत आलं. मॉर्टी त्या ढिगात गुडघाभर उभा होता. सिगार तोंडात नव्हती, आणि तो जेवतही नव्हता.

"हॅलोरन बाईंचा फोन होता," तो म्हणाला. "म्हणाल्या, आजवरचं सगळ्यात चांगलं मुखपृष्ठ. पुतण्यासाठी एक घेतलं म्हणे विकत."

"म्हणजे दोन खपले."

"दुसरं कुणी घेतलं?"

ऑस्करने पायाशी आलेली एक टोपी उचलून ढिगात परत टाकली. मॉर्टीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मेव्हण्याशी तुझ्याबद्दल बोललो होतो मी. म्हणाला, बटणांवर चेहरे नसतात." मग नळाखाली हात घालून त्याने तो जाड पुठ्ठा बाहेर काढला. अजून कोरडा होता, मॉर्टीने तेवढी माणुसकी ठेवली होती. "घेऊन जा. सोमवारी नवा भाडेकरू येतोय, तो याचं काय करील सांगता येत नाही."

रविवारी सकाळी ऑस्करने पुठ्ठा फळीवर ठेवला आणि बारीक पातं घेतलं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. स्वयंपाकघरातून सूपचा वास येत होता. नोकरी गेली होती आणि नवी मिळायची नव्हती, हे त्याने दुपारी जेवण झाल्यावर विचार करायला ठेवलं होतं. आधी हे.

टोपी लगेच निघाली, खपलीसारखी सुटून पडली. तिच्याखाली गुलाबी गालांचा माळी होता. तो हसत नव्हता. ऑस्करने त्याला खरवडलं. त्याच्याखाली निमगुलाबी, त्याच्याखाली पिवळट. सूर्य पापुद्र्यापापुद्र्याने गेला. टोमॅटो गेले, दगडावरची अक्षरं गेली. जमिनीवर रंगाचा भुगा पडत होता. आता फक्त पहिलं, मोठं ठिगळ उरलं. त्याने त्याचा कोपरा पात्याने उचलला, दोन बोटांत धरला आणि श्वास रोखून अलगद सोलत गेला.

खाली पांढरा पुठ्ठा होता.

त्याने ठिगळ पूर्ण काढलं. सगळीकडे पांढराच. खाली कडेला बाईच्या झग्याची थोडी झालर आणि एका चपलेची टाच उरली होती. आणि जिथे तो कमरेपर्यंत उठला होता, तिथे काहीच नव्हतं, डागसुद्धा नाही. ऑस्करने ठिगळ उलटं करून पाहिलं. डिंकाने शाई ओढून घेतली होती. ठिगळाच्या पाठीवर काळपट राखाडी लेप होता. त्यात शोधलं तर एक पापणी सापडत होती, तीही उलटी, किंवा तसं वाटत होतं. त्याने बोट लावलं आणि ती बोटाला आली.

त्याने बोट चिंधीला पुसलं. मग, मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं व्हायला नको, म्हणून त्याने उठून भिंतीकडे फिरवलेला आरसा वळवून घेतला. चित्र गेलं तर गेलं, तोंड तर इथेच होतं. त्याने पेन्सिल उचलली आणि आरशात बघून तो चेहरा केला. गाढ झोपेतून उठवलेला, कामच नसलेला. डोळे आत नेले, जबडा सोडला.

नीट होईना. त्याने डोळे आणखी आत नेले. ओठ सैल केले. पुन्हा सुरुवातीपासून केलं.

सेल्मा पळी घेऊन दारात आली होती. जमिनीवरचा भुगा तिने पाहिला, कोरा पुठ्ठा पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"अरे, हसतोयस कशाला?" ती म्हणाली.

"हसत नाहीये," ऑस्कर म्हणाला.

"बरं," सेल्मा म्हणाली. "सूप गार होतंय."

त्याने आरशात आणखी एकदा पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि तेच तोंड घेऊन जेवायला गेला.